विश्लेषण : नर्सला भूल देता येते का? उत्तराची सुरुवात निजामाच्या हैदराबादेत… कोण होत्या रूपाबाई फर्दुनजी?

नर्सिंगची पदवी घेतल्यावर भूलशास्त्रात कारकीर्द करता येते का, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या विद्यार्थिनीला पडला, तर त्याचे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत हो, भारतात नाही. अमेरिकेत परिचारिका पुढचे शिक्षण घेऊन स्वतः भूल देते. भारतात ते काम डॉक्टरचेच. ही वाट नेमकी कुठे फुटली, हे पाहायचे तर १८८९ या सालाकडे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतील रोचेस्टर या लहानशा गावात एका तरुण परिचारिकेने इथरची बाटली हातात घेतली. त्याच वर्षी हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणीने वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून क्लोरोफॉर्म देण्याचे काम हाती घेतले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यातला एक सुभा होता आणि हैदराबाद ही या शहराचीही राजधानी होती. त्यामुळे रूपाबाईंची गोष्ट मराठवाड्यालाही परकी नाही.

रूपाबाई वैद्यकीय शिक्षणाकडे कशा आल्या?

हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ची. तिथे शिकून बाहेर पडणाऱ्याला ‘हकीम’ ही पदवी मिळे, पण शिकवले जाई ते पाश्चात्त्य वैद्यक, तेही बराच काळ उर्दूतून. १८८५च्या सुमारास शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले आणि त्याच वर्षी एडवर्ड लॉरी हे ब्रिटिश शल्यचिकित्सक रेसिडेन्सी सर्जन म्हणून तिथे आले. शाळेची सूत्रेही त्यांच्याकडे गेली. लॉरी हट्टी, वादाची हौस असलेले आणि स्वतःच्या मतावर कमालीचा विश्वास असलेले गृहस्थ होते. मुलींना वैद्यकीय वर्गात बसवण्यातही त्यांनी तोच हट्ट दाखवला. १८८५ मध्ये पाच मुलींना प्रवेश मिळाला. त्यांतल्या एक रूपाबाई.

तो काळ लक्षात घेतला तर या प्रवेशाचे मोल कळते. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने १८८३ मध्ये स्त्रियांना दार उघडले होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्येच अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून एम.डी. झाल्या. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हा विचार तेव्हा जोर धरत होता. लेडी डफरिन फंडाची स्थापनाही १८८५ मधलीच. पण या बहुतेक प्रयत्नांचा रोख प्रसूती आणि स्त्रीरोगांवर होता. भूल देणे हा स्त्रीचा, खरे तर कोणाचाच, स्वतंत्र व्यवसाय असू शकतो, असे फारसे कोणाच्या मनात नव्हते. बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या वेळी मोकळा असलेला एखादा कनिष्ठ डॉक्टर किंवा विद्यार्थी तोंडावर रुमाल धरी.

रूपाबाईंचे शिक्षण १८८९ मध्ये पूर्ण झाले आणि त्यांना ‘हकीम’ ही पदवी मिळाली. पण त्यांच्या विद्यार्थिदशेच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या शाळेत जे घडले, ते जगातल्या कुठल्याही वैद्यकीय विद्यार्थ्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

क्लोरोफॉर्मचा वाद काय होता?

एडिंबराच्या जेम्स सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणला. इथरपेक्षा तो लवकर चढे, वासाला बरा आणि सोबत न्यायला सोपा. इथर पेट घेतो, शिवाय उष्ण हवेत तो भराभर उडून जातो. त्यामुळे हिंदुस्थानात क्लोरोफॉर्म लवकर रुळला. पण तीनच महिन्यांत, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. तेव्हापासून पुढची सहा दशके एक प्रश्न डॉक्टरांना छळत राहिला. हा माणूस मरतो तो श्वास थांबल्याने, की हृदय थांबल्याने?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने डोळे कुठे ठेवायचे, हे त्यावर ठरणार होते. लंडनकडचे डॉक्टर नाडीवर बोट ठेवा म्हणत. एडिंबराचे नामवंत शल्यचिकित्सक जेम्स साइम यांचा संप्रदाय म्हणे, नाडी सोडा, फक्त श्वास पाहा; श्वास नीट चालू असेल तर हृदयाला काही होत नाही. लॉरी हे साइम यांचे शिष्य. गुरूचे म्हणणे त्यांनी हैदराबादेत जवळजवळ धर्माज्ञेसारखे पाळले आणि शिकवले. आपल्या हाताखाली हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला गेला आणि एकही दगावला नाही, असा त्यांचा दावा होता.

हैदराबाद आयोगांनी काय केले?

सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८८८ मध्ये पहिल्या क्लोरोफॉर्म आयोगासाठी पैसा दिला. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूचा निघाला : आधी श्वास थांबतो, मग हृदय. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपलाच माणूस पाठवून खात्री करून घ्यावी, असे सुचवले. एखाद्या संस्थानिकाने विलायतेतील नियतकालिकाला पदरचे पैसे देऊन प्रयोगशाळेत बोलावावे, ही गोष्ट त्या काळात विरळाच.

‘लॅन्सेट’ने टॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठवले. औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो, या विषयातले ते त्या वेळचे मोठे नाव आणि हैदराबादला येताना ते लॉरींच्या विरुद्ध मताचे होते. १८८९च्या ऑक्टोबरात ते आले. लॉरी, ब्रंटन, बॉमफर्ड आणि रुस्तमजी यांच्या दुसऱ्या आयोगाने काही आठवड्यांत शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांत कुत्री होती, तशीच माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे आणि ससेही. रक्तदाबाचे आलेख काजळी लावलेल्या फिरत्या कागदावर उमटत. आज हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र विज्ञानाची हीच रीत होती. अखेर ब्रंटन यांनी मत बदलले आणि लंडनला तारेने कळवले की, हैदराबादचे म्हणणे बरोबर आहे. १८९०च्या आरंभी ‘लॅन्सेट’ने अहवाल छापला.

रूपाबाईंनी या दोन्ही आयोगांच्या कामात भाग घेतला. पहिल्या वेळी त्या विद्यार्थिनी होत्या, दुसऱ्या वेळी नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या. जगभरात ज्या प्रश्नावर वाद चालू होता, त्याचे प्रयोग त्यांच्या वर्गालगतच्या खोल्यांत होत होते. भूलशास्त्राची परीक्षा नाही, पाठ्यपुस्तक नाही, पदवी नाही, अशा काळात याहून चांगली तयारी कुठे मिळाली असती, असे म्हणता येईल. पण त्या तयारीत एक चूकही मुरलेली होती. तिचे पुढे येईलच.

त्या काळी भूल द्यायला शिकायचे म्हणजे काय?

यंत्र नव्हते. मॉनिटर नव्हता. कापडाचा शंकू किंवा रुमाल, क्लोरोफॉर्मची बाटली आणि देणाऱ्याचे डोळे-कान, एवढेच साहित्य. हैदराबादच्या शिकवणीत मात्र त्या साधेपणामागे शिस्त होती. रुग्ण आडवाच हवा, बसलेला नको. गळ्याभोवतीचे आणि छातीवरचे कपडे सैल करायचे, म्हणजे छाती हलताना दिसते. शंकू एकदम दाबून धरायचा नाही, हवा आत येऊ द्यायची. सुरुवातीला रुग्ण धडपडतो, श्वास रोखून धरतो, आणि मग एकदम मोठा श्वास घेतो. खरा धोका त्या एका श्वासात असतो, कारण त्याबरोबर क्लोरोफॉर्मचा मोठा घोट आत जातो. म्हणून श्वास रोखला की शंकू बाजूला. डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटली नाही, की भूल पुरेशी झाली. त्यापुढे औषध थांबवायचे. श्वासात घरघर आली तर हनुवटी वर उचलायची. श्वास थांबलाच तर क्षणाचाही विलंब न करता कृत्रिम श्वास सुरू करायचा.

यातला बराच भाग आजही तसाच शिकवला जातो. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, जबडा पुढे घेणे, छातीची हालचाल पाहणे हे घाटीतल्या अतिदक्षता विभागात पहिल्या आठवड्यात आलेल्या परिचर्या विद्यार्थिनीलाही सांगितले जाते. पल्स ऑक्सिमीटर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र हीदेखील शेवटी श्वासावर नजर ठेवायचीच साधने आहेत. फरक इतकाच की, रूपाबाईंच्या वेळी ती नजर एका माणसाची होती आणि ती चुकली तर दुसरी नव्हती.

रूपाबाईंची कारकीर्द कशी होती?

१८८९ ते १९१७, म्हणजे सुमारे २८ वर्षे, त्या हैदराबादेत भूल देत राहिल्या. रेसिडेन्सीचे रुग्णालय (आजचे सुलतान बाजार रुग्णालय), अफझलगंज रुग्णालय आणि स्त्रियांसाठीचे व्हिक्टोरिया जनाना रुग्णालय ही त्यांची कामाची ठिकाणे. व्हिक्टोरिया जनानाची पायाभरणी १९०६ची. अफझलगंज रुग्णालयाची इमारत सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुरात उद्ध्वस्त झाली. पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले, तो याच परंपरेचा पुढचा टप्पा.

लॉरी १९०१ मध्ये मायदेशी परतले. त्यांच्या मागे त्यांचे बरेचसे नाव वादातच राहिले. रूपाबाई मात्र रुग्णाच्या उशाशी राहिल्या. आयोगाच्या इतिहासात लॉरी, ब्रंटन आणि निजाम यांची नावे ठळक छापली गेली. रोज सकाळी शस्त्रक्रियागृहात जाऊन शंकू धरणारीचे नाव दीर्घकाळ तळटिपेतच होते. भूल देणाऱ्याच्या वाट्याला तसेही हेच येते. रुग्ण शल्यचिकित्सकाचे आभार मानून घरी जातो.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र १९०९ मधली आहे. वीस वर्षे भूल दिल्यावर, जे काम जगातल्या फार थोड्या स्त्रियांना येत होते ते हाताला बसलेले असताना, रूपाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. ॲनी बेझंट यांचे प्रोत्साहन त्यांना होते. त्या एडिंबराला गेल्या आणि तिथे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र शिकल्या. भूलशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम तेव्हा उपलब्ध नव्हता, मग त्याच्या मुळाशी असलेले विषय त्यांनी निवडले. वायू कसा विरघळतो, द्रवाची वाफ किती तापमानाला किती होते, हवेत तिचे प्रमाण किती राहते, हे कळल्याशिवाय भूल म्हणजे निव्वळ हातोटी उरते. आजही अमेरिकेतल्या नर्स ॲनेस्थेशियाच्या अभ्यासक्रमांना प्रवेश देताना परिचारिकेचे रसायनशास्त्र कसे आहे, ते पाहिले जाते. रूपाबाईंना ही गरज स्वतःच्या अनुभवातून कळली होती, तीही १०० वर्षांपूर्वी.

मग चूक कुठे होती?

दुसऱ्या आयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला तरी शंका मिटल्या नव्हत्या. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी प्रयोगांती सांगितले की, क्लोरोफॉर्म थेट हृदयालाही दुबळे करतो. निर्णायक उत्तर १९११ मध्ये आले. गुडमन लेव्ही यांनी दाखवले की, भूल हलकी असताना, भीतीने किंवा वेदनेने शरीरात ॲड्रेनालिन वाढलेले असताना, क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे कप्पे अचानक थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलणे बंद होते. श्वास तेव्हा चालूही असू शकतो. म्हणजे श्वास पाहणाऱ्याला काही दिसण्याआधीच खेळ संपलेला असतो.

हैदराबादच्या प्रयोगांत हे का दिसले नाही? कारण तिथल्या प्राण्यांना बहुतेकदा भरपूर क्लोरोफॉर्म देऊन खोल भुलीत नेले जाई. खोल भुलीत श्वासच आधी थांबतो. प्रयोग खोटे नव्हते. त्यांनी विचारलेला प्रश्न अर्धा होता. हॅना ग्रीनरसारखे मृत्यू मात्र भुलीच्या अगदी सुरुवातीला, किरकोळ शस्त्रक्रियेत, घाबरलेल्या रुग्णांत होत होते.

रूपाबाई ज्या शिकवणीत घडल्या ती अशी अर्धी बरोबर होती. मात्र त्या अर्ध्या भागाने अनेक जीव वाचवले असणार, कारण क्लोरोफॉर्मचे सगळे बळी हृदयामुळे जात नव्हते. जास्त मात्रा, अडलेला श्वासमार्ग, दुर्लक्ष यांनी मरणाऱ्यांना हैदराबादच्या पद्धतीत संरक्षण होते. एकच माणूस, एकच काम, नजर रुग्णावरून हलवायची नाही, हा तिचा गाभा होता.

जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ, हे कितपत खरे?

रूपाबाईंचा उल्लेख अनेकदा असा केला जातो. तो जपून वापरायला हवा. अमेरिकेत सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगिणीने १८७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील इरी येथे भूल देण्याचे काम सुरू केले होते. रोचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात १८८९ मध्ये एडिथ ग्रॅहम या प्रशिक्षित परिचारिकेने ते हाती घेतले. तिला शिकवले ते मेयो बंधूंच्या वडिलांनी. पुढे तिने धाकट्या मेयोंशी लग्न केले आणि १८९३ मध्ये तिची जागा ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने घेतली. या सगळ्या परिचारिका होत्या. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून भूल देणे हेच आयुष्यभराचे काम मानणाऱ्या पहिल्या स्त्री डॉक्टरांत मात्र रूपाबाईंचे नाव अगदी आघाडीवर येते. एवढा मान पुरेसा आहे. तो ताणायची गरज नाही.

हाच फरक आजच्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये १४ हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. त्यांची रीतही साधी होती : इथर थेंबाथेंबाने सोडायचा आणि रुग्णाशी सतत बोलत राहायचे. अमेरिकी शल्यचिकित्सकांना हे सोयीचे वाटले. शिकाऊ डॉक्टरचे लक्ष शस्त्रक्रियेकडे लागलेले असे, परिचारिकेचे रुग्णाकडे. काही डॉक्टरांनी आक्षेप घेतला, प्रकरणे न्यायालयात गेली. १९१७ मध्ये केंटकीच्या आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने परिचारिकांच्या बाजूने निकाल दिले. १९३१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

ब्रिटनमध्ये मात्र जॉन स्नो यांच्यापासून भूल देणे हे डॉक्टरचे काम मानले गेले आणि हिंदुस्थानने तीच चौकट घेतली. रूपाबाई भूलशास्त्रात आल्या त्या वैद्यकीय शाळेच्या दारातून. परिचारिकेसाठी तिथे दुसरे दार ठेवलेलेच नव्हते. १९४७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली, तीही डॉक्टरांचीच.

आज छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थिनीपुढे काय पर्याय आहेत?

घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६चे, म्हणजे मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला त्याच वर्षीचे. त्याआधी इथल्या मुलांना डॉक्टर व्हायचे तर मराठवाड्यात सोय नव्हती. आता इथे भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही मिळते, पण त्यासाठी आधी एमबीबीएस लागते आणि त्यानंतर एम.डी.ची तीन वर्षे. नर्सिंगच्या पदवीधर मुलीला शस्त्रक्रियागृहात, भुलीतून बाहेर येणाऱ्या रुग्णांच्या कक्षात आणि अतिदक्षता विभागात काम करता येते. भारतीय परिचर्या परिषदेने २०१७ पासून अतिदक्षतेतील ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग, पण त्यात स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार नाही. ‘ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी’ची पदवी वेगळी आहे, ती घेणारे डॉक्टरला साह्य करतात. त्यांचा समावेश २०२१च्या सहबद्ध आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात आहे. बारावीनंतर प्रवेश घेतानाच हा फरक समजून घेतला नाही, तर चार वर्षांनंतर तो समजून उपयोग नसतो.

अमेरिकेत जायचे तर नर्सिंगची पदवी, तिथला परवाना, अतिदक्षता विभागात किमान एक वर्षाचा अनुभव आणि मग सुमारे तीन वर्षांचे डॉक्टरेट पातळीचे शिक्षण, असा रस्ता आहे. २०२५ पासून तिथे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला डॉक्टरेट अनिवार्य झाली आहे. फ्रान्स आणि स्वीडनमध्येही परिचारिका भूल देतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

भारतात परिचारिकांना हे काम द्यावे का, हा वाद जुनाच आहे. तालुक्याच्या ठिकाणी सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भूलकौशल्यांचे प्रशिक्षण सुरू केले. सुरुवातीला ते १८ आठवड्यांचे होते. म्हणजे कमी मुदतीचे शिक्षण चालेल हे मान्य झाले, पण ते डॉक्टरलाच. परिचारिकेचा विचार तेव्हाही झाला नाही. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. हृदय कधी थरथरू लागेल हे ओळखायला नुसती सवय पुरत नाही, हे हैदराबादच्या चुकीने दाखवलेच आहे. मात्र मॅगॉ यांच्या १४ हजार भुलींचे काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर त्या बाजूनेही मिळत नाही.

रूपाबाईंनी १९१७ नंतर भूल देणे थांबवले. चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून त्या १९२० मध्ये निवृत्त झाल्या.